घरी कॅम बदलायचाय? मग आधी हत्यारं मांडा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नरकडे हेडचे, म्हणजे इंजिनच्या डोक्याचे, गेलेले आटे करून घ्यायला जी पोरं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांची गोष्ट सारखीच असते. घरी हेड खोललं, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, आणि शेवटी सहा मिमीचा बोल्ट ‘अजून थोडा, अजून थोडा’ करत आवळला. दुसरा गट टायमिंग, म्हणजे कॅम आणि पिस्टनचा मेळ, एका दात्यानं चुकवून बसतो. मग गाडी सुरू होत नाही, नाहीतर सायलेन्सरमधून फटाके वाजतात. दोन्ही घोटाळ्यांचं मूळ हत्यारांच्या यादीत असतं. खोलायची हत्यारं सगळ्यांकडे असतात. धरून ठेवायची, मोजायची आणि बेतानं आवळायची हत्यारं मात्र आयत्या वेळी शोधली जातात, आणि तोवर कॅम फिरवणारी चेन आत पडलेली असते.

हा लेख एका सिलिंडरच्या, हेडमध्ये एकच कॅम असलेल्या गाड्यांसाठी आहे: स्प्लेंडर, शाईन, युनिकॉर्न, पल्सर 150 ह्या जातीच्या. पुशरॉडच्या बुलेटमध्ये कॅम खाली, टायमिंग कव्हरच्या मागे असतात. ते काम वेगळं. ड्यूक 200 आणि 390 मध्ये दोन कॅम असतात, त्यांना जे जादा लागतं ते जागच्या जागी सांगितलंय. आरएक्स 100 वाल्यांनी निवांत राहावं. टू-स्ट्रोकला कॅमच नसतो.

## 1. कॅमच गेलाय का, हे आधी ठरवा

हेडमधून टकटक आली की गल्लीत पहिलं निदान ‘कॅम गेला’ हेच होतं. त्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. ऑइलची पातळी पुरेशी आहे का? टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरची, फट बरोबर आहे का? आणि ॲक्सिलरेटर सोडताना खळखळ येते का? येत असेल तर चेन आणि ती ताणणाऱ्या टेन्शनरकडे बोट जातं, कॅमकडे नाही.

टॅपेट नीट बसवूनही फट थोड्याच दिवसांत पुन्हा वाढत असेल, तर लोब (कॅमचा उंचवटा) किंवा रॉकरचं (लोबवर टेकून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीचं) तोंड झिजतंय असं समजा. टॅपेटचं झाकण काढून टॉर्च मारली तर लोबवर खड्डे, ओरखडे किंवा निळसर डाग बऱ्याचदा दिसतात.

कॅम खाल्ला गेला असेल तर कशामुळे, हेही शोधा. बहुतेक वेळा कारण वर न पोहोचणारं ऑइल असतं. 2019 किंवा 2021 च्या पुरात पाण्याखाली गेलेली गाडी असेल, तर ऑइलच्या वाटेत गाळ बसलेला असू शकतो. ती वाट आणि खालची जाळी साफ न करता नवा कॅम घातला तर तोही जुन्याच्या मागोमाग जाईल.

## 2. हत्यारं चार ढिगांत मांडा

एक जुनी चादर पसरा आणि खालच्या क्रमानं हत्यारं ठेवा. एखादा ढीग अपुरा असेल तर त्या दिवशी गाडी खोलू नका.

खोलायचा ढीग. 8, 10, 12 आणि 14 चे टी-पाने, 10 मिमी आट्यांच्या प्लगसाठी 16 चा प्लग पाना, बऱ्याच लहान गाड्यांच्या टॅपेट नटाला लागणारा 9 चा रिंग पाना, आणि टॅपेटच्या स्क्रूसाठी चौकोनी तोंडाची टॅपेट चावी आधीच घेऊन ठेवा. सॉकेट घ्यायचेच असतील तर सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट जुन्या बोल्टाची डोकी गोल करतात. कव्हरचे चौफुली स्क्रू घट्ट बसलेले असतील तर हातोडीनं ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागेल. तो फक्त बाजूच्या कव्हरला वापरा, हेडवर नाही. मॅग्नेट कव्हरच्या (क्रँकच्या टोकावरच्या चाकाच्या झाकणाच्या) टोपणांना खाच असेल तर रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर हवा. अरुंद पात्यानं खाच पसरते आणि टोपण पुढच्या वेळी निघत नाही. आणि 8 मिमी आट्यांचा एक लांब बोल्ट. त्याचं काम पाचव्या टप्प्यात आहे.

धरायचा ढीग. हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा. हातभर मऊ तार, चेन बांधायला. धागे न सुटणारं स्वच्छ फडकं, चेनची विहीर (चेन खाली जाते ती पोकळी) बुजवायला. लांब दांड्याचं चुंबक, तरीही काही आत पडलंच तर. मॅग्नेटचा नट धरायला योग्य मापाचा पाना. काही टेन्शनरला मागे ओढून अडकवून ठेवायला पातळ पट्टीची चावी लागते. ती एक मिमी पत्र्याच्या तुकड्यातून कानशीनं घासून घरी होते.

मोजायचा ढीग. फीलर गेज घेताना सर्वांत पातळ पाती वाचा. लहान गाड्यांच्या टॅपेटची फट मिमीच्या शंभराव्या भागात, बहुधा 0.05 ते 0.10 च्या आसपास असते. 0.10 पासून सुरू होणारा संच इथे निरुपयोगी. लोबची उंची मोजायला 25 ते 50 मिमीचा मायक्रोमीटर लागतो. तो विकत घ्यायची गरज नाही. घरातलं किंवा शेजारचं कोणी शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला असतंच. त्यांच्याकडून तो कसा धरायचा आणि रॅचेट किती वाजवायची हे शिकून घ्या. साध्या व्हर्नियरवर कॅमची झीज ठरवू नका. शेवटी पांढरा पेंट मार्कर.

आवळायचा ढीग. लोक इथेच पैसे चुकीच्या जागी घालतात. चारचाकीच्या चाकाचा अर्धा इंची टॉर्क पाना, 40 ते 200 न्यूटन मीटरचा, ह्या कामात शून्य उपयोगाचा. हेडमधले 6 मिमीचे बोल्ट साधारण 10 ते 12 न्यूटन मीटरला आवळले जातात. त्यासाठी पाव इंची, 5 ते 25 न्यूटन मीटरचा पाना हवा. बजेटमध्ये एकच महाग वस्तू बसत असेल तर ती हीच असू द्या. जोडीला थ्रेड लॉकरची छोटी ट्यूब आणि मॉलिब्डेनमचं ग्रीस किंवा असेंब्ली पेस्ट.

> एकक बघा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा कधी न्यूटन मीटरमध्ये असतो, कधी किलोग्रॅम-मीटरमध्ये (kgf-m). 1.2 किलोग्रॅम-मीटर म्हणजे जवळपास 12 न्यूटन मीटर. पाना लावण्याआधी दोन्ही एककं कागदावर लिहून घ्या.

ड्यूकसारख्या दोन कॅमच्या गाडीला ह्याशिवाय शिमचा (टॅपेटची फट ठरवणाऱ्या चकत्यांचा) संच आणि शिम उचलायला छोटं चुंबक लागेल. माझं मत विचाराल तर पहिलाच कॅम बदलताय तर ती गाडी निवडू नका.

## 3. सामान आणि जागा

कॅमसोबत रॉकरची जोडी घ्या. झिजलेल्या रॉकरखाली नवा कॅम घालणं म्हणजे फाटक्या चपलेला नवा तळ लावणं. हेड कव्हरचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, टेन्शनरचं पॅकिंग, बोल्टांखालचे रबरी वायसर आणि ऑइल हेही आणून ठेवा. हेडचं पॅकिंगही आणा. का ते पुढे येईल. स्प्रॉकेटचे दाते टोकदार झाले असतील तर चेनही बदलावी लागेल.

जुना कॅम वेल्डिंगनं भरून घासून देतो असं कोणी म्हटलं तर सोडून द्या. लहान गाडीसाठी त्यात पडू नये. आणि बरेच कॅम ओतीव लोखंडाचे असतात, हे फौंड्रीच्या गावात वेगळं सांगायला नको. लोबचा पृष्ठभाग कडक, पण अंग ठिसूळ. हातातून फरशीवर पडला तर तडा बघितल्याशिवाय बसवू नका. हातोडी तर त्याच्या जवळही नको.

इंजिन पूर्ण थंड हवं. फटीचं माप 35 अंशांखाली घ्यायचं असतं. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचं हेड त्याच्या वर जातंच, म्हणून गाडी रात्रभर सावलीत ठेवून सकाळी लवकर सुरुवात करा. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली हेड उघडं टाकू नका.

हेडच्या आसपासची माती खोलण्याआधी धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून घ्या. प्लगच्या खड्ड्यात साठलेली वाळू प्लग काढताच सिलिंडरमध्ये उतरते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

## 4. पिस्टन टॉपला आणा

1. प्लग काढा. सगळ्यांत आधी हाच. इंजिन मग पान्यानं सहज फिरतं, आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मॅग्नेट डाव्या बाजूला असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिन घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचं असतं. त्याच दिशेनं मॅग्नेटचा नट सुटतो. प्लग आत असेल तर कॉम्प्रेशनचा जोर नटावर येऊन नटच सैल होऊ शकतो.

2. टॅपेटची झाकणं आणि मॅग्नेट कव्हरची दोन्ही टोपणं काढा. खिडकीतून बघत इंजिन सावकाश फिरवा आणि ‘टी’ची रेघ कव्हरवरच्या खुणेशी जुळवा. शेजारीच ‘एफ’ची रेघ असते. ती स्पार्कची आहे. घाईत तीच जुळवणारे कमी नाहीत.

3. आता दोन्ही रॉकर बोटानं हलवून बघा. दोन्ही किंचित खुळखुळायला हवेत. एखादा ताठ असेल तर पिस्टन टॉपला आहे, पण चुकीच्या फेरीत. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते, म्हणून आणखी एक पूर्ण फेरी मारा.

4. स्प्रॉकेटवरची खूण हेडच्या कोणत्या खुणेशी किंवा कडेशी जुळते त्याचा अगदी समोरून फोटो काढा. तिरका फोटो नंतर फसवतो. मग चेनच्या एका कडीवर आणि त्याखालच्या दात्यावर पेंटचा ठिपका द्या.

> तपासा: ‘टी’ जुळलेली, दोन्ही रॉकर मोकळे, स्प्रॉकेटची खूण जागेवर. तीनही असल्याशिवाय पुढचा बोल्ट हलवायचा नाही.

## 5. टेन्शनर, स्प्रॉकेट, मग कॅम

क्रम हाच. टेन्शनर न सोडता स्प्रॉकेट ओढायला गेलात तर चेन निघत नाही. आणि अर्धवट खोललेल्या अवस्थेत टेन्शनरचा दांडा एक घर पुढे सरकला, तर तो नंतर मागे ढकलता येत नाही.

मधला छोटा बोल्ट काढून आत पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला की बऱ्याच टेन्शनरांचा दांडा मागे जातो. तो तसाच अडकवून ठेवायला तुमची पत्र्याची चावी. काही गाड्यांत टेन्शनरची स्प्रिंग खालून बोल्ट काढून सोडावी लागते. तिथे ऑइल सांडेल, खाली भांडं ठेवा.

स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करताना मॅग्नेटचा नट पान्यानं धरा. चेनच्या भरवशावर स्प्रॉकेट अडवू नका. शेवटचा बोल्ट काढण्याआधी विहिरीत फडकं कोंबा आणि चेनमधून तार ओवून तिचं दुसरं टोक फ्रेमला बांधा. तार बांधायच्या आधी स्प्रॉकेट हातात आलं की चेन खाली उतरते, आणि ती वर काढायला मॅग्नेट कव्हर खोलावं लागतं.

> सावधान: चेन सुटलेली असताना क्रँक फिरवू नका. फिरवायची वेळ आलीच तर तार वर ताणून धरा, नाहीतर खालच्या दात्यात चेन गोळा होऊन अडकेल.

बऱ्याच गाड्यांत वरचे मोठे नट कॅमच्या आधारासोबत हेडलाही धरून ठेवतात. ते सोडले की हेडच्या पॅकिंगवरचा दाब जातो, म्हणून ते पॅकिंग नवीन घालणंच बरं. हे नट एकदम एक-एक न काढता आडवे-तिडवे, थोडे-थोडे सोडा. एखाद्या नटाखाली तांब्याचा वायसर असतो, कारण त्या स्टडच्या बाजूनं ऑइल वर जातं. कोणत्या कोपऱ्यात कोणता नट आणि वायसर होता ते पुठ्ठ्यावर हेडचं चित्र काढून त्यात तसेच खोचून ठेवा.

आता त्या 8 मिमीच्या बोल्टाची वेळ. अनेक हेडमध्ये रॉकर शाफ्टच्या तोंडाला आतून आटे असतात. शाफ्टचा रोखणारा बोल्ट किंवा पट्टी काढा, लांब बोल्ट चार-पाच आटे आत फिरवा, आणि सरळ रेषेत ओढा. शाफ्ट ‘टक्’ करून सुटतो आणि मागोमाग रॉकर खाली येतो, म्हणून दुसरा हात रॉकरखाली हवा. पक्कडीनं शाफ्टची कडा धरून पिळलं तर ओरखडे पडतात, आणि तोच शाफ्ट परत जाताना हेडचं ॲल्युमिनियम खरवडतो. इनटेक आणि एक्झॉस्टचे रॉकर-शाफ्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

ह्यानंतर कॅम हातानं बाहेर येतो. येत नसेल तर काहीतरी काढायचं राहिलंय.

## 6. मोजा, मगच नवा बसवा

जुना आणि नवा कॅम शेजारी ठेवा. लांबी, बेअरिंगची बैठक, स्प्रॉकेटची भोकं आणि लोबचे कोन नजरेनं जुळतात का बघा. दुकानदारानं दुसऱ्या मॉडेलचा कॅम दिला असेल तर तो आत्ता कळलेला बरा. मग मायक्रोमीटरनं दोघांच्या लोबची उंची घ्या आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. जुना कॅम मर्यादेत असेल तर आवाजाचं कारण दुसरीकडे आहे. नवा कॅम परत करता येतो.

बेअरिंग बोटावर फिरवा. खरखर किंवा हेलकावा असेल तर बदला. ज्या गाड्यांत कॅम थेट ॲल्युमिनियमच्या बैठकीत फिरतो, तिथे बैठकीवरचे ओरखडे नखाला लागतात का बघा. नख अडकलं तर नुसत्या कॅमनं भागणार नाही.

पॅकिंगची बैठक प्लास्टिकच्या पट्टीनं साफ करा. पॉलिश पेपर मारू नका. त्याची वाळू ऑइलमध्ये जाते. ऑइलच्या भोकांतून हवा मारा.

## 7. कॅम बसवा

1. ‘टी’ची रेघ पुन्हा बघा. मधल्या काळात क्रँक हललेला असतोच.

2. नव्या कॅमवरचं गंजरोधक पुसा, लोबना आणि रॉकरच्या तोंडांना मॉलिब्डेनमचा पातळ थर द्या, बेअरिंगला इंजिन ऑइल. कॅम घालताना लोब पिस्टनच्या बाजूला, रॉकरपासून दूर तोंड करून हवेत.

3. टॅपेटचे स्क्रू पूर्ण सैल सोडून रॉकर आणि शाफ्ट बसवा. शाफ्टच्या अंगावरची खाच बोल्टच्या भोकाशी जुळली नाही तर बोल्ट जोर लावून घुसवू नका, शाफ्ट फिरवून घ्या.

4. चेन स्प्रॉकेटवर चढवा. टेन्शनरच्या विरुद्ध बाजूची चेन पूर्ण ताठ असली पाहिजे, सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला. चूक होते ती इथेच. खुणा जुळलेल्या दिसतात, पण ताठ बाजूला थोडी ढील राहिलेली असते. टेन्शनर सुटला की ती ढील ओढली जाते आणि स्प्रॉकेट एका दात्यानं सरकतं. 28 दात्यांच्या स्प्रॉकेटवर एक दाता म्हणजे कॅमचे जवळपास 13 अंश, क्रँकचे 26.

5. स्प्रॉकेटचे बोल्ट ब्रेक क्लीनरनं कोरडे करा, मॅन्युअल सांगत असेल तर थ्रेड लॉकरचा एक थेंब लावा, आणि टॉर्क पान्यानं आवळा. पान्याचा एकदा ‘कट्’ झाला की थांबायचं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढणं म्हणजे जादा आवळणं.

6. विहिरीतलं फडकं काढा. तार काढा. मोजून काढा, लाजू नका.

7. टेन्शनर सोडा आणि क्रँक हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा.

> सावधान: फिरवताना मध्येच कडक अडलं तर तिथेच थांबा. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. जोर लावलात, किंवा ‘सेल्फ मारून बघू’ म्हणालात, तर व्हॉल्व्ह वाकतो.

> तपासा: दोन फेऱ्यांनंतर ‘टी’ आणि स्प्रॉकेटची खूण पुन्हा एकाच वेळी जुळल्या? तुमच्या फोटोशी ताडा. अर्ध्या दात्याचाही संशय असेल तर टेन्शनर मागे घेऊन पुन्हा.

## 8. टॅपेट

पिस्टन टॉपला, दोन्ही रॉकर मोकळे, इंजिन थंड. फीलरची पाती रॉकरच्या स्क्रूखाली सरकवा. ती किंचित ओढत सरकली पाहिजे. मोकळी पडली तर फट जास्त, वाकली तर कमी. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून चावीनं तो धरून ठेवा आणि आवळल्यावर पाती परत घाला. आवळण्याआधीचं माप गृहीत धरू नका.

दोन आकडे मनात असतील आणि नेमका कोणता हे ठरत नसेल, तर घट्ट बाजूला जाऊ नका. सैल टॅपेट आवाज करतो. घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो.

## 9. सुरू करण्याआधी

लोबवर दोन चमचे ताजं इंजिन ऑइल ओता आणि कव्हर लावा. बोल्ट आडवे-तिडवे, टॉर्क पान्यानंच. प्लग बाहेर आणि चावी बंद ठेवून किक मारत राहा. टॅपेटच्या झाकणातून बघितलं तर ताजं ऑइल वर येताना दिसलं पाहिजे. बीएस-6 गाडीत चावी चालू ठेवून असं करू नका. इंजेक्टर पेट्रोल फवारतो आणि उघड्या प्लगच्या भोकातून ते बाहेर येतं. किक नसलेल्या गाडीचं इंजिन पान्यानंच फिरवा.

मग प्लग, बॅटरीची वायर, आणि स्टार्ट. पहिली काही मिनिटं गाडी एकाच आयडलवर सोडू नका, रेसही खेचू नका. हलकं कमी-जास्त करत राहा. धातूवर धातू घासल्यासारखा आवाज आला तर लगेच बंद करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर टॅपेट पुन्हा मोजा, आणि 500 किमीच्या आसपास ऑइल बदलताना तिसऱ्यांदा. हेड कव्हरच्या कडेला ओल दिसली तर बोल्ट आणखी आवळून बघायचा मोह होईल. तो बोल्ट आधीच योग्य टॉर्कला आहे. कव्हर काढा आणि पॅकिंग कुठे दुमडलंय ते बघा.